सिबिल स्कोअर म्हणजे काय? कर्ज, खर्च आणि बचतीचा हिशेब बौद्ध तरुणांसाठी

शैक्षणिक कर्जाचा अर्ज असो, घरकर्ज असो की छोट्या धंद्यासाठी मुद्रा कर्ज, बँकेत पहिला प्रश्न आता एकच असतो: "सिबिल किती आहे?" हा प्रश्न नोकरीपर्यंतही पोहोचला आहे. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या जाहिरातींमध्ये उमेदवाराची कर्जफेडीची नोंद चांगली असावी अशी अट असते. नोंद खराब असेल तर रुजू होण्यापूर्वी ती दुरुस्त करून घ्यावी लागते किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. कर्जफेडीतील अनियमिततेमुळे स्टेट बँकेने एका उमेदवाराची नियुक्ती रद्द केली होती. तो निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवला.

आपल्या समाजातील हजारो मुले-मुली आज बँकिंगच्या परीक्षांची तयारी करत आहेत. अनेक घरांत बँकेकडून कर्ज घेणारी ही पहिलीच पिढी आहे. हा स्कोअर कसा तयार होतो, कशाने बिघडतो आणि चुकीचा असेल तर कुठे दाद मागायची, हे सांगणारे घरात कोणी नसते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

स्कोअर कोण ठरवते?

भारतात पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांपैकी सिबिल सर्वांत जुनी. तिची स्थापना २००० मध्ये झाली. म्हणूनच कोणत्याही कंपनीच्या स्कोअरला लोक 'सिबिल'च म्हणतात. या कंपन्यांचे काम पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ या कायद्याखाली चालते.

बँका, वित्त कंपन्या, क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था आणि मायक्रोफायनान्स कंपन्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या चार कंपन्यांना पाठवतात. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला जाऊ लागली. या माहितीवरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक आकडा काढला जातो. तोच स्कोअर. साधारणपणे ७५० च्या पुढचा स्कोअर चांगला समजतात, पण कर्ज द्यायचे की नाही हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. सिबिल कोणाचेही कर्ज मंजूर किंवा नामंजूर करत नाही.

काय मोजले जाते, काय मोजले जात नाही?

स्कोअरमध्ये मुख्यतः चार गोष्टी पाहिल्या जातात:

१. हप्ते आणि कार्डाची बिले वेळेवर भरली का?
२. कार्डाच्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरात आहे आणि एकूण कर्ज किती आहे?
३. कर्जाचा व्यवहार किती वर्षांपासून आहे, आणि त्यात तारण असलेली व नसलेली कर्जे किती आहेत?
४. अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले?

आता काय मोजले जात नाही ते पाहा. तुमचा पगार, बचत खात्यातील शिल्लक, मुदत ठेव, सोने, जमीन यांतले काहीच स्कोअरमध्ये येत नाही. बचत खात्यातून यूपीआयने केलेला खर्चही येत नाही. भिशी आणि सावकाराकडची उसनवारी यांचीही तिथे नोंद नसते. जात, धर्म आणि आडनावाला या गणितात जागा नाही.

म्हणजे बँकेत दहा लाखांची ठेव असलेल्या माणसाचा स्कोअर खराब असू शकतो आणि पंधरा हजार पगाराच्या सफाई कामगाराचा उत्तम असू शकतो. स्कोअर माणसाची श्रीमंती सांगत नाही, लायकी तर मुळीच सांगत नाही. घेतलेले पैसे ठरल्या तारखेला परत केले का, एवढेच तो प्रामुख्याने सांगतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिल्याने तो कमी होत नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, तिचा परिणाम होतो. एकाच महिन्यात पाच-सहा ठिकाणी अर्ज केले तर हा माणूस पैशांसाठी अडला आहे, असा अर्थ काढला जातो.

अहवाल कसा वाचायचा?

आकड्यापेक्षा त्यामागचा अहवाल महत्त्वाचा आहे. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. चार कंपन्या आहेत, त्यामुळे दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तर वर्षभर लक्ष ठेवता येते. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पॅन, जन्मतारीख आणि मोबाईल क्रमांक देऊन तो मिळतो. संकेतस्थळ पैसे भरून घ्यायच्या योजना पुढे करते. त्या बाजूला ठेवून मोफत अहवालाचा पर्याय शोधावा.

अहवालात प्रत्येक कर्जाचा महिन्यागणिक तक्ता असतो. हप्ता किती दिवस थकला ते तिथे लिहिलेले असते. '०००' म्हणजे थकबाकी नाही, '०३०' म्हणजे तीस दिवस उशीर. सलग नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकले की बँक ते कर्ज अनुत्पादक ठरवते.

तीन शब्द नीट ओळखावेत. 'क्लोज्ड' म्हणजे कर्ज पूर्ण फेडून बंद. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने तडजोड करून कमी रकमेवर खाते मिटवले. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने वसुलीची आशा सोडून ते आपल्या पुस्तकातून काढले. वसुली अधिकारी "अर्धे भरा, विषय संपवू" म्हणतो तेव्हा कर्जदाराला सुटल्यासारखे वाटते. पण अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढची कित्येक वर्षे नवे कर्ज मिळताना तो आडवा येतो. तडजोडीशिवाय इलाजच नसेल तर ती जरूर करावी, मात्र परिणाम माहीत असू द्यावेत. पुढे उरलेली रक्कम भरली तर खाते 'क्लोज्ड' करून घेता येते. त्याचे ना देय प्रमाणपत्र घ्यायला विसरू नये.

आपल्याकडे स्कोअर कुठे बिघडतो?

दुसऱ्यासाठी नाव देणे. मित्राला मोबाईल हप्त्यावर हवा असतो, त्याचे कागद जमत नाहीत, म्हणून आपण आपल्या नावावर घेऊन देतो. मंडळाच्या किंवा संस्थेच्या कामासाठी कार्यकर्ता स्वतःच्या नावावर वैयक्तिक कर्ज काढतो. कायद्याच्या दृष्टीने ते कर्ज ज्याच्या नावावर त्याचेच. जयंतीचा मंडप समाजाचा असला तरी थकलेला हप्ता एकट्या कार्यकर्त्याच्या अहवालात दिसतो. समाजाच्या कामाचा खर्च समाजाच्या वर्गणीतून आणि संस्थेच्या खात्यातूनच व्हावा.

जामीनदार होणे. नातेवाइकाच्या शब्दाखातर केलेली सही ही जबाबदारी असते. मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर बँक जामीनदाराकडे वसुलीला येऊ शकते आणि त्याच्या पतीलाही धक्का बसतो. सही करण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: उद्या हे हप्ते मलाच भरावे लागले तर भरता येतील का?

शैक्षणिक कर्ज. हे कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असते आणि पालक सहकर्जदार असतात. अभ्यासक्रम चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या काळातील व्याजावर केंद्राची अनुदान योजना आहे. तिची चौकशी कर्ज घेतानाच करावी. सवलतीचा काळ संपल्याची तारीख अनेकांच्या लक्षात राहत नाही. पत्ता बदललेला असतो, बँकेचे पत्र गावाकडे जाते आणि मुलाचा, आईचा, वडिलांचा असा तिघांचाही अहवाल एकदम खराब होतो.

मायक्रोफायनान्स. वस्तीतील महिलांच्या गटाला मिळणारे कर्ज 'गटाचे' वाटते, पण नोंद प्रत्येक महिलेच्या नावाने होते. २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असे कर्ज विनातारण मिळते आणि घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज सुरू झाले की ही मर्यादा ओलांडली गेली, असे समजावे.

मोबाईल ॲपवरील कर्ज. शिष्यवृत्ती लांबली, खोलीभाडे थकले की दोन-पाच हजारांसाठी ॲप उघडले जाते. 'आता घ्या, नंतर पैसे द्या' हेही बहुतेक वेळा कर्जच असते आणि पाचशे रुपयांची थकबाकीसुद्धा अहवालात दिसू शकते. नियमाप्रमाणे कर्जाची रक्कम बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवी. वार्षिक एकूण खर्च सांगणारे मुख्य तथ्य विवरण आधी मिळायला हवे. ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज देऊन दंडाशिवाय कर्ज परत करता यायला हवे. फोनमधील संपर्क आणि फोटो मागणारे ॲप काढून टाकावे. धमक्या आल्या तर सायबर हेल्पलाईन १९३० वर आणि रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करावी.

खर्च: क्रेडिट कार्डाचे खरे गणित

पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्याला क्रेडिट कार्ड सोयीचे आहे. 'किमान रक्कम' भरत राहणाऱ्यासाठी ते सावकारापेक्षा वेगळे नाही. बहुतेक कार्डांचा व्याजदर महिन्याला ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास असतो.

एक उदाहरण घेऊ. बिल २०,००० रुपये, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. महिन्याचे व्याज झाले ७०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये. एकूण ८२६. किमान रक्कम बिलाच्या ५ टक्के धरली तर तुम्ही भरता १,००० रुपये. म्हणजे मूळ कर्ज कमी झाले फक्त १७४ रुपयांनी! त्यातच पुढची खरेदी केली तर तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

गंमत अशी की किमान रक्कम वेळेवर भरली तर खाते थकीत दिसत नाही. तारखेच्या बाबतीत स्कोअर ठीक राहतो आणि घर मात्र पोखरले जाते. स्कोअर बँकेच्या बाजूने पाहतो. आपले घर नीट चालले आहे का, हे आपल्यालाच पाहावे लागते. कार्ड असेलच तर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवावा (५०,००० मर्यादा असेल तर १५,००० पर्यंत) आणि पूर्ण बिल आपोआप भरले जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी.

बचत: स्कोअरमध्ये नाही, तरी स्कोअर राखणारी

बचत स्कोअरमध्ये मोजली जात नाही, हे वर सांगितले. तरीही स्कोअर टिकवते ती बचतच. हप्ता थकण्याची कारणे बहुधा तीच असतात: घरातले आजारपण, सुटलेली नोकरी, कंत्राटदाराने अडकवलेला पगार. अशा वेळी दोन-तीन महिन्यांचे हप्ते बाजूला असतील तर नोंद स्वच्छ राहते आणि नवे कर्ज काढावे लागत नाही.

घरातील एकूण हप्ते ६,००० रुपये असतील तर तीन महिन्यांसाठी १८,००० लागतात. महिन्याला १,५०० बाजूला टाकले तर वर्षात ही रक्कम उभी राहते. ती वेगळ्या बचत खात्यात किंवा आवर्ती ठेवीत ठेवावी.

चांगल्या नोंदीचा फायदाही पुढे बचतीतच दिसतो. २० लाखांचे घरकर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १७,३५६ रुपये येतो. साडेनऊ टक्क्यांनी तो सुमारे १८,६४३ होतो. खराब नोंदीमुळे व्याज एकच टक्का जास्त लागले तरी वीस वर्षांत तीन लाखांहून अधिक रुपये जादा जातात. एका मुलाच्या शिक्षणाचे हे पैसे आहेत.

ज्याच्याकडे तारण नाही, त्याची नोंद हेच तारण

स्कोअरमध्ये जातीचा रकाना नाही, पण बँकेच्या दारापर्यंत माणूस काय घेऊन येतो, यात इतिहास असतोच. पिढ्यान्‌पिढ्या जमीन, दुकान, शहरातले घर असलेल्याला तारण देता येते. आपल्याकडे ज्यांना जमीन होती त्यांचीही स्थिती वेगळी होती. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या अधिनियमानंतर, आणि जमिनी परत मिळाल्या त्या नवीन शर्तीवर. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. त्यामुळे जमीन असूनही पत उभी राहत नाही.

म्हणून विनातारण कर्ज आपल्यासाठी महत्त्वाचे आहे आणि तिथे एकच कागद बोलतो: परतफेडीची नोंद. मुद्रा योजनेत २०२४ पासून वीस लाखांपर्यंतचा 'तरुण प्लस' गट सुरू झाला आहे. तो आधीचे 'तरुण' कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठीच आहे. वेळेवर भरलेला एकेक हप्ता अशी पुढची दारे उघडतो.

ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याचे काय? त्याला स्कोअरच नसतो. पण नोंद नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही २०२५ मध्ये संसदेत हे स्पष्ट केले. केवळ कमी सिबिलमुळे विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले. काउंटरवरून "सिबिल नाही, कर्ज नाही" असे तोंडी उत्तर आले तर नकार कारणासह लेखी मागावा. बँकेने मागवलेल्या पतअहवालाची प्रत मागण्याचा हक्क २००५ च्या कायद्याने अर्जदाराला दिला आहे.

ऋणाकडे धम्म कसा पाहतो?

अनाथपिंडिकाला उपदेश करताना भगवान बुद्धांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख हे एक आहे. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात दरिद्री माणूस कर्ज काढतो, व्याज चढते, तगादा लागतो, लोक पाठीमागे लागतात आणि शेवटी तो बंधनात पडतो, अशी दुःखाची साखळी दाखवली आहे. आजच्या वसुली एजंटचा फोन त्याच साखळीतला आहे. भिक्षू होऊ इच्छिणाऱ्याला उपसंपदेच्या वेळी आजही विचारतात की तू ऋणमुक्त आहेस ना.

पण धम्माने कर्ज सरसकट वाईट ठरवलेले नाही. सामञ्ञफल सुत्तातील उपमेत एक माणूस कर्ज घेऊन धंदा करतो, धंदा यशस्वी होतो, तो कर्ज फेडतो आणि कुटुंबासाठी शिल्लकही ठेवतो. त्याचा आनंद तिथे वर्णिला आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा अडचणीच्या काळासाठी. अर्थ सरळ आहे. शिक्षण, हत्यारे, धंदा, घर यांसाठी विचारपूर्वक घेतलेले कर्ज एका बाजूला आणि दिखाऊ लग्न, महागडा फोन यांसाठीचे कर्ज दुसऱ्या बाजूला. केवळ स्कोअर वाढावा म्हणून गरज नसताना कर्ज घेणे हेही दुसऱ्याच बाजूचे.

नोंद चुकीची असेल तर

- न घेतलेले कर्ज, फेडूनही चालू दिसणारे खाते, सारख्या नावाच्या दुसऱ्याचे कर्ज, चुकीचा पॅन असे काही दिसले तर पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. ती मोफत असते. सोबत कर्ज देणाऱ्या बँकेलाही लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.
- तक्रार तीस दिवसांत निकाली काढणे बंधनकारक आहे. त्यातील एकवीस दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी आहेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.
- दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते. २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. वकील लागत नाही, शुल्क नाही.
- "पैसे द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करणे मोफत आहे. त्यांना ओटीपी, पॅन, आधार देणे म्हणजे नव्या फसवणुकीला आमंत्रण.

विहारातून करता येण्यासारखे काम

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये आला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनव्यवस्थेवर साक्ष दिली. त्याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली. रुपयाचा एवढा खोल अभ्यास करणाऱ्या महामानवाच्या अनुयायांनी आपल्या नावावरची कर्जाची नोंद न वाचणे बरे नाही.

रविवारच्या वंदनेनंतर तासभर काढून दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी वस्तीतील लोकांचे मोफत अहवाल त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्याच समोर काढून द्यावेत. अहवाल ही खासगी गोष्ट आहे. ती मोठ्याने वाचू नये, तिचा फोटो ग्रुपवर टाकू नये, कोणाचा पासवर्ड लिहून घेऊ नये. मायक्रोफायनान्सचे कर्ज असलेल्या आया-बहिणींपासून सुरुवात करावी, कारण त्यांच्या नावावर काय लिहिले गेले आहे हे बहुधा त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. परीक्षा देणाऱ्या मुलांनी मुलाखतीची वाट न पाहता आपला अहवाल याच महिन्यात पाहून घ्यावा. चूक सापडली तर दुरुस्तीला किमान एक महिना हाताशी असायला हवा.